सेव्हन सामुराई: तलवारीची नव्हे, भाताच्या वाडग्याची गोष्ट

पाऊलवाट

रविवारी घरातल्या सगळ्यांना बसवून जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा १९५४ चा 'सेव्हन सामुराई' पाहिला. अख्खा, २०७ मिनिटांचा, मधल्या विश्रांतीच्या संगीतासकट. मुलगी चौदा वर्षांची आहे. शेवटची चार थडगी पडद्यावर आली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, मग जिंकलं कोण?" त्या प्रश्नासाठीच हा धागा काढतोय.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पुण्यात कॉलेजात असताना एका फिल्म क्लबच्या खेळाला पाहिला. ती परदेशासाठी काटछाट केलेली प्रत होती. बाहेर पडलो तेव्हा डोक्यात पाऊस, घोडे आणि चिखल होता, गाव मात्र कुठेच नव्हतं. पूर्ण लांबीचा सिनेमा पुढे बऱ्याच वर्षांनी मिळाला आणि तेव्हा कळलं की आपण अर्धीच गोष्ट पाहिली होती.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १५८६ सालचा जपान, यादवीचा काळ. डोंगरावर ४० दरोडेखोर येऊन थांबतात. खालच्या गावातला भात त्यांनी मागच्या हंगामात नेलेला असतो, म्हणून सातू पिकल्यावर परत यायचं ठरवून ते निघून जातात. काटक्यांचा भारा घेतलेला एक शेतकरी हे ऐकतो. गाव पाणचक्कीत राहणाऱ्या म्हाताऱ्या गिसाकूकडे जातं. तो म्हणतो, सामुराई ठेवा. पण सामुराईला द्यायचं काय? तर उपाशी सामुराई शोधा, भूक लागली की अस्वलसुद्धा डोंगर उतरतं.

माझ्या मते सिनेमाचं बीज इथेच आहे. इथून पुढे सगळं भातावर चालतं. शहरातल्या धर्मशाळेसारख्या जागेत ही शेतकरी मंडळी थांबलीत. सामुराईसाठी आणलेला भात ते शिजवतात आणि स्वतः सावा-वरीच्या जातीचं भरडधान्य खातात. एका रात्री भात चोरीला जातो. सांडलेले चार दाणे योहेई नावाचा शेतकरी जमिनीवरून एकेक करून वेचतो. कॅमेरा त्या बोटांवर थांबलेला असतो. शेवटी काम्बेई, पुढे सातांचा म्होरक्या होणारा सामुराई, नकार देऊन उठणार, तेवढ्यात तिथला एक हमाल भाताचा वाडगा त्याच्या पुढ्यात धरतो आणि सांगतो, तुम्हाला हे घालतात, स्वतः काय खातात ते विचारा. काम्बेई वाडगा हातात घेतो, शेतकऱ्यांकडे बघतो आणि म्हणतो की हा भात मी वाया जाऊ देणार नाही.

या प्रसंगाला दरवेळी माझ्या घशात आवंढा येतो. इतक्या मोठ्या लढाईचा करार एका वाडग्यावर होतो. पैसा नाही, जमीन नाही, नावही होणार नाही. तुम्हाला काय वाटतं, हा सिनेमा सामुराईंचा की शेतकऱ्यांचा?

काळापांढरा

धागा आवडला. मी तांत्रिक बाजूने लिहितो, कारण त्या गावावर किती कष्ट घेतलेत ते कळलं की पाऊलवाट यांचा मुद्दा आणखी पक्का होतो.

कुरोसावाने गावातल्या १०१ माणसांची कुटुंबवार यादी तयार केली होती. कोण कुणाचा भाऊ, कुणाच्या घरात किती तोंडं, सगळं. गर्दीतल्या नटांनाही त्याप्रमाणे कुटुंबं वाटून दिली होती. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात उभी असलेली बाईसुद्धा कुणाची तरी आई वाटते. आणि गंमत म्हणजे ते गाव एका जागी नाहीच. वेगवेगळ्या ठिकाणी चित्रण करून जोडलेलं आहे. तरीही काम्बेई नकाशा पसरतो तेव्हा पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर आपल्याला पाठ होतात. कुठे कुंपण, कुठे पाणी सोडायचं, कुठली वाट मुद्दाम उघडी ठेवायची, हे प्रेक्षकाला शिक्षकासारखं समजावलेलं आहे. लढाई सुरू झाली की म्हणूनच गोंधळ होत नाही.

चित्रीकरण जवळपास वर्षभर रेंगाळलं. तोहो कंपनीचे पैसे संपत आले की काम थांबायचं, आणि कुरोसावा मासे पकडायला जायचा. शेवटची लढाई त्याने अखेरीला ठेवली होती, म्हणजे तोवर इतका पैसा गुंतलेला असेल की कुणी सिनेमा मध्येच सोडू शकणार नाही. ती लढाई हिवाळ्याच्या कडाक्यात, नळाने पाडलेल्या पावसात घेतली. अनेक कॅमेरे एकाच वेळी लावले, लांब पल्ल्याच्या भिंगांनी. त्या भिंगामुळे घोडा, भाला आणि चिखल एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात, मोकळी जागाच उरत नाही. कॅमेरा आसाकाझु नाकाईचा, संकलन खुद्द कुरोसावाचं.

आणि फुमिओ हायासाकाचं संगीत. श्रेयनामावलीवरचे ते खोल ढोल कानाला हेडफोन लावून ऐका. हा माणूस पुढच्याच वर्षी, १९५५ ला, गेला.

तरवा

मी मावळातली. घरी अजून भातशेती आहे. सिनेमाची जाणकार नाही, पण तुम्हा दोघांनी एक गोष्ट लिहिली नाही ती लिहिते.

हा सिनेमा पिकाच्या वेळापत्रकावर बांधलाय. दरोडेखोर सातू तयार व्हायची वाट बघतात. गावकरी सामुराईंच्या देखरेखीत सातू कापतात. सातू निघाला की त्याच खाचरात पाणी सोडायचं असतं, भात लावायला. काम्बेई त्याच पाण्याचा खंदक करतो. म्हणजे गावाच्या रक्षणासाठी वेगळं काही खणलं नाही, जे पुढच्या पिकासाठी करायचंच होतं तेच घोडे अडवायला वापरलं. मी हे पाहून उठून उभी राहिले होते. ज्याने हे लिहिलं त्याला शेतीचा क्रम ठाऊक होता.

आणि शेवट. लढाई संपली, आता लावणी. बायका ओळीत वाकून रोपं लावतायत, मागे सरकतायत, शेतकरी रिकिची ढोल बडवत गातोय. मानझो या शेतकऱ्याची पोर शिनो हातात रोपांच्या जुड्या घेऊन, तिच्यावर जीव जडलेल्या तरुण सामुराई कात्सुशिरोच्या समोरून जाते. थबकते, बघते आणि खाचरात उतरते. खूप जणांना ती तिथे निष्ठुर वाटते. मला नाही वाटत. तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून झाला की तो त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लागलाच पाहिजे. रोप थांबत नाही. आमच्याकडे घरात कुणी गेलं तरी लावणी थांबली नाही, सुतकात भावकीतल्या इतरांनी लावून दिली. ती पोर रडली असेल, पण जुड्या हातात होत्या.

जुनी_बखर

तरवाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पाण्याचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता.

मी सालाबद्दल लिहितो. १५८६ हे साल सिनेमात एका विनोदातून येतं. सातांतला सातवा, किकुचियो, स्वतःला सामुराई सिद्ध करायला एक वंशावळ दाखवतो. त्यातल्या नावाच्या माणसाचा जन्म जपानी कालगणनेतलं तेन्शो २, म्हणजे १५७४. काम्बेई हसत हिशेब करतो की मग तू आत्ता तेरा वर्षांचा असशील. जपानी पद्धतीत जन्मताच एक वर्ष धरतात, त्यावरून १५८६ निघतं. चोरलेल्या कागदावरचं नावच तो पुढे लावून घेतो.

आता पुढचं बघा. दोनच वर्षांनी, १५८८ मध्ये, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने 'कातानागारी' म्हणजे तलवारजप्तीचं फर्मान काढलं. शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका सगळं जमा करायचं. कारण सांगितलं की हा लोखंडाचा साठा क्योतोतल्या महाबुद्धाच्या मंदिराचे खिळे आणि पट्ट्या करायला लागेल. १५९१ मध्ये आणखी एक हुकूम, की सामुराईने शेतकरी व्हायचं नाही आणि शेतकऱ्याने शेत सोडून व्यापारात शिरायचं नाही. ज्या हिदेयोशीने हे दार लावलं तो स्वतः ओवारी प्रांतातल्या एका सामान्य घरातून, पायदळातल्या माणसाच्या पोटी आलेला. तोच शेवटचा आत शिरला आणि आतून कडी लावून घेतली.

म्हणजे किकुचियो ज्या काळात खोटी वंशावळ घेऊन फिरतो, तो अशी झेप घ्यायचा अगदी अखेरचा काळ आहे. आणि ज्या गावाने बांबूचे भाले धरले त्या गावाच्या हातून सगळी हत्यारं लवकरच जाणार आहेत. सिनेमा हे कुठेच बोलत नाही. पण साल निवडणाऱ्याला ते माहीत असणारच.

निंबोळी

चर्चा छान चाललीय, पण मला एक टोचलं ते सांगते. मी शेतकऱ्याच्या घरातली. या सिनेमात शेतकरी कसे दाखवलेत? रडके, भित्रे, लपवाछपवी करणारे. मानझो पोरीचे केस कापून तिला मुलगा बनवतो, सामुराई आले की सगळे दारं बंद करून बसतात. वर घरात पळत्या सामुराईंना मारून लुटलेली चिलखतं निघतात! कुरोसावाचं घराणं सामुराईंचं होतं म्हणे. मग हे वरून खाली बघणं नाही का?

पाऊलवाट

निंबोळीताई, प्रश्न रास्त आहे. माझ्या मते याचं उत्तर त्याच चिलखतांच्या प्रसंगात आहे.

किकुचियो मोठ्या आनंदाने ती चिलखतं आणतो. सामुराई गोठतात, कारण आपल्यासारख्याच पळत्या, जखमी माणसांना मारून ती मिळवलेली आहेत. सामुराईंतला क्यूझो, जो कधी बोलत नाही, तोही म्हणतो की या गावातल्या सगळ्यांना मारावंसं वाटतंय. तेव्हा किकुचियो फुटतो. आधी शेतकऱ्यांनाच शिव्या घालतो: लबाड, कंजूष, रडे, जमिनीखाली तांदूळ पुरणारे, फळ्यांखाली दारू लपवणारे. आपण मान डोलवायला लागतो. आणि मग तो वळतो, की यांना असं कुणी केलं? तुम्ही केलं. गावं जाळली, पिकं तुडवली, बायका नेल्या, विरोध केला की कापलं. मग शेतकऱ्याने करायचं काय?

किकुचियोचं काम करणारा तोशिरो मिफुने हे बोलताना सरळ कॅमेऱ्याकडे येतो आणि शेवटी बसकण मारून हुंदके देतो. काम्बेईचे डोळे भरतात. तो एवढंच विचारतो, तू शेतकऱ्याच्या पोटचा ना?

निंबोळीताई, वरून बघणारा माणूस हा प्रसंग लिहू शकत नाही. कुरोसावाच्या वडिलांचं घराणं सामुराईंचं हे खरं. त्याने आपल्याच घराण्याला समोर उभं करून ऐकवलं आहे.

जुनी_बखर

भर घालतो. पळत्या योद्ध्यांची शिकार ही कल्पित गोष्ट नाही. तिला 'ओचिमुशागारी' असं नावच होतं. १५८२ मध्ये बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाला दगा देणारा आकेची मित्सुहिदे यामाझाकीच्या लढाईत हरला आणि पळताना वाटेत ओगुरुसुजवळ शेतकऱ्यांच्या भाल्याने मेला, अशी परंपरागत हकीकत आहे. सिनेमातल्या सालाच्या चारच वर्षं आधी! त्यामुळे त्या चिलखतांचा साठा मानझोच्या पिढीचाच समजा.

पटकथेचा उगमही असाच कागदपत्रांतून आहे. शिनोबू हाशिमोतो आधी एका सामुराईच्या एका दिवसाची गोष्ट लिहीत होता. सामुराई दुपारी गडावर काय आणि कसं जेवायचे याचा भरवशाचा पुरावा मिळेना, म्हणून ती सोडून दिली. पुढे शोधाशोधीत कळलं की गावकरी जेवणावर सामुराई राखणीला ठेवत. तिथून हा सिनेमा निघाला. कुरोसावा, हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी, तिघांनी मिळून लिहिला.

पाऊलवाट, तुमच्या वाडग्याच्या मुद्द्याला याहून मोठा आधार मी देऊ शकत नाही. पटकथेची वाटच जेवणाच्या प्रश्नावरून फुटली.

निंबोळी

पटतंय. किकुचियोचा प्रसंग आज पुन्हा लावून पाहिला. मगाशी लिहिताना मला त्याच्या बोलण्याचा पहिला अर्धाच भाग आठवत होता.

पण मग बायकांबद्दल कुणीतरी लिहा. रिकिचीच्या बायकोबद्दल कुणीच बोललं नाही.

अक्षरगंध

मी लिहिते. ती सिनेमात काही क्षणच आहे आणि एक वाक्य बोलत नाही.

तीन सामुराई आणि रिकिची पहाटे दरोडेखोरांच्या तळाला आग लावायला जातात. आत एक बाई जागी होते. अंगावर भारी रेशमी कपडे, चेहरा रिकामा. धूर दिसतो. ती ओरडेल असं वाटतं. ओरडत नाही. तशीच बसून राहते आणि चेहऱ्यावर काहीतरी हलतं, हसू म्हणता येणार नाही असं. मग बाहेर येते, समोर नवरा दिसतो आणि ती वळून त्या आगीत परत शिरते. रिकिची तिच्या मागे धावतो, सामुराई हेइहाची त्याला ओढून मागे आणायला जातो आणि गोळी लागून पडतो.

गावाने भाताबरोबर तिलाही दिलं होतं, हे आपल्याला तेव्हा कळतं. लग्नाचा विषय काढला की रिकिची का भडकायचा, तेही तेव्हाच कळतं. सातांपैकी पहिला माणूस मेला तो या न बोललेल्या गोष्टीपायी. निंबोळी, गावावरचा सगळ्यात कठोर ठपका हाच आहे, चिलखतांचा नाही.

दुसरी ती म्हातारी. तिचं सगळं घर दरोडेखोरांनी मारलंय. सामुराई स्वतःच्या वाट्याचा भात तिला देतात. पुढे एक दरोडेखोर जिवंत पकडला जातो. युद्धकैद्याला मारू नये म्हणून सामुराई गावकऱ्यांना आवरत असतात, तेवढ्यात ती थरथरत, कुदळ धरून येते. गिसाकू म्हणतो, तिला मुलाचा सूड घेऊ द्या, कुणीतरी मदत करा तिला. रिकिची पुढे होतो. काम्बेई मान वळवतो. तो सगळ्यांत शहाणा माणूस, आणि त्याच्याकडे अडवायला शब्द नाही.

मांडवी

गोव्याहून नमस्कार. बंदुकांबद्दल दोन ओळी.

चौघे सामुराई मरतात, आणि चौघेही गोळीने. तलवारीने एकही नाही. क्यूझोसारखा माणूस, जो एकटा रात्री जाऊन बंदूक घेऊन येतो आणि "दोन मारले" एवढं सांगून झाडाला टेकून झोपतो, तोही लांबून आलेल्या गोळीने चिखलात पडतो. दरोडेखोरांकडे फक्त तीन बंदुका आहेत. तेवढ्या पुरतात.

त्या बंदुका जपानात पोर्तुगीजांबरोबर आल्या. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर. जपानी लोहारांनी पाहता पाहता नकला केल्या, आणि १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी ताकेदा घराण्याच्या घोडदळाची वाताहत केली. तानेगाशिमानंतर सहा वर्षांनी त्याच समुद्रावरून धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर इथून, गोव्यातून, निघाला आणि १५४९ च्या ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला. त्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मी तिथे गेलो की हा सिनेमा आठवतो. आमच्या मांडवीतून ज्यांची गलबतं जायची, त्यांच्याच हत्याराने क्यूझो मेला.

काळापांढरा

मांडवी, फार सुंदर जोडलंत.

'शोले'चा विषय येईलच म्हणून आधीच लिहितो. जॉन स्टर्जेसचा १९६० चा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' हा सरळ याच्यावरूनच केलेला, मेक्सिकोच्या गावात नेलेला. १९७५ च्या 'शोले'तही गावासाठी भाड्याने आणलेली माणसं आहेत. पण 'शोले'त ठाकूरचा सूड हा कणा आहे, गाव मागे उभं आहे. रामगढच्या लोकांनी काय पेरलं आणि काय खाल्लं ते आपल्याला माहीत नाही. मला 'शोले' अतिशय प्रिय आहे, मी तुलनेत उणंदुणं काढत नाही. फक्त एवढंच, की माणसं भाड्याने आणणं ही कल्पना सगळ्यांनी उचलली, आणि वाडगा जपानातच राहिला.

पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी: मध्यंतरापर्यंत एका दमात बघा. मध्यंतर नेमक्या जागी आहे. पुलापलीकडची तीन घरं वाचवता येणार नाहीत असं ठरतं, तिथले लोक भाले टाकून आपापली घरं राखायला निघतात. काम्बेई तलवार उपसून त्यांना ओळीत परत आणतो आणि सांगतो की दुसऱ्याला राखलं तरच आपण राहतो, जो स्वतःपुरतं बघतो तो स्वतःलाही बुडवतो. तिथे थांबून चहा करा. आणि १९५४ सालच्या प्रेक्षकाचा विचार करा. अमेरिकेचा ताबा उठून दोनच वर्षं झालीत, त्या ताब्याच्या काळात तलवारींच्या सिनेमांवर बंधनं होती, आणि उपासमार सगळ्यांनी स्वतः भोगलेली आहे. त्या थिएटरात वाडग्याचा प्रसंग कसा पाहिला गेला असेल.

तरवा

पाणचक्कीचा प्रसंग राहिला. पलीकडची घरं जळतात, म्हातारा गिसाकू चक्की सोडायला तयार नाही, त्याला आणायला मुलगा-सून गेलेत. किकुचियो धावतो. भाला लागलेली आई पाण्यातून बाळ घेऊन येते, त्याच्या हातात देते आणि पडते. काम्बेई म्हणतो, चल. किकुचियो पाण्यातच बसतो, बाळाला कवटाळून. हे मूल म्हणजे मीच, माझंही असंच झालं होतं. मागे चक्कीचं चाक पेटलेलं फिरतंय.

इथे कळतं की त्या वंशावळीत त्याचं खरं नाव का नव्हतं.

आणि झेंडा बघा. हेइहाचीने काढलेला. सहा वर्तुळं सामुराईंची, एक त्रिकोण किकुचियोचा, आणि खाली 'ता' हे अक्षर गावाचं, भातखाचराला जपानीत 'ता' म्हणतात. वर सामुराई, खाली खाचर, मध्ये तो एकटा त्रिकोण. हेइहाची गेल्यावर त्याच्या थडग्याजवळ सगळे रडत असतात, तेव्हा किकुचियोच तो झेंडा घेऊन छपरावर चढतो.

पाऊलवाट

तरवाताई, झेंड्याकडे मी इतकी वर्षं नुसती खूण म्हणून बघत होतो. 'ता' म्हणजे खाचर हे मुलीला वाचून दाखवलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर काम्बेई स्वतः देतो, की आपण पुन्हा हरलो, जिंकले ते शेतकरी. तिला ते पटलं नव्हतं. चार माणसं गावासाठी मेली आणि गाव गाणी म्हणतंय, असं ती म्हणत होती. आज सगळे प्रतिसाद तिने स्वतः वाचले. शिनोच्या हातातल्या जुड्यांबद्दल तरवाताईंनी लिहिलेलं तिने दोनदा वाचलं. मग विचारलं, आपण या पावसाळ्यात मावळात कुणाकडे लावणीला जाऊ शकतो का?

तरवाताई, तुमच्याकडे चालेल का? व्यक्तिगत निरोप पाठवतोय.

तरवा

या की. तारीख पावसावर ठरेल, तरवा हाताएवढा झाला की कळवते. जुने कपडे आणा, आणि पोरीला सांगा, खाचरात चप्पल चालत नाही.